तरुण वयातील बहिरेपणा आणि कानातली रिकीब



उसाला लाल कूज लागली की सुरुवातीला वावरात उभे राहून काही कळत नाही. पीक वरून हिरवेगार दिसते. कांडे उभे चिरले म्हणजे आतली लाली दिसते आणि आंबूस वास येतो. आज ज्या रोगाविषयी लिहिणार आहे त्याचा स्वभाव असाच आहे. कान बाहेरून धड, पडदा धड, ना पू ना ठणका, आणि तरी पंचविशी-तिशीतल्या माणसाला दिवसेंदिवस कमी ऐकू येऊ लागते. फरक एवढाच की कान काही चिरून पाहता येत नाही. दुसऱ्या युक्तीने ओळखावे लागते, आणि ती युक्ती फार अवघड नाही.

या रोगाला डॉक्टर मंडळी ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. नाव मोठे असले तरी गोष्ट साधी आहे. कानात एक हाड आहे, ते हलायला पाहिजे आणि ते हलत नाही.

आधी कानाची रचना थोडक्यात पाहू. बाहेरून आलेला आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो. पडद्यामागे हवेची एक छोटी खोली आहे आणि तिथे तीन हाडे साखळीने जोडलेली आहेत. त्यांची नावे आपल्या घरचीच आहेत : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब म्हणजे घोड्यावर बसताना पाय ठेवतात ती. हाड अगदी त्याच आकाराचे असते. आपल्या शरीरातले हे सर्वांत लहान हाड. उंची सुमारे ३ मिलिमीटर आणि वजन जेमतेम ३ मिलिग्रॅम, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी हलके. या रिकिबीचा तळ आतल्या कानाच्या एका लंबगोल खिडकीत बसवलेला असतो, आणि खिडकीपलीकडे पाणी भरलेला, शंखासारखा वळलेला भाग असतो. ऐकण्याची नस तिथून निघते.

आता कोणी म्हणेल, एवढी साखळी हवी कशाला? पडद्यावरून आवाज सरळ आत गेला तर काय बिघडते? तर बिघडते असे. विहिरीत डुबकी मारलेल्या माणसाला काठावरचे बोलणे ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यावर आदळला की बहुतेक सगळा परत फिरतो. आतल्या कानात तर पाणीच आहे. म्हणून निसर्गाने जोर वाढवण्याची सोय केली. पडद्याचा कामाचा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीचा तळ सुमारे ३ चौरस मिलिमीटर, म्हणजे सतरा पटींच्या आसपास फरक. खिळ्याच्या रुंद माथ्यावर बसलेला मार जसा टोकाशी एकवटतो तसा पडद्यावरचा सगळा दाब त्या इवल्याशा तळाशी एकवटतो. हाडांच्या तरफेने त्यात आणखी थोडी भर पडते. पण हे सगळे केव्हा, तर रिकीब खिडकीत मोकळी हलत असेल तेव्हा.

ओटोस्क्लेरोसिसमध्ये नेमकी तीच अडकते. अंगातली बाकीची हाडे आयुष्यभर झिजत आणि नव्याने भरत असतात. आतल्या कानाभोवतीचे हाड मात्र एकदा तयार झाले की जवळपास तसेच राहते. ते अंगातल्या सगळ्यांत टणक हाडांपैकी एक. काही जणांत, बहुधा खिडकीच्या पुढच्या कडेला, हे शांत हाड अचानक जागे होते. जुने हाड विरघळते, त्या जागी मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेले स्पंजासारखे हाड येते आणि पुढे काही वर्षांनी ते कठीण होऊन रिकिबीच्या तळाला चिकटते. पाटाचे लोखंडी दार बरीच वर्षे न उचलता राहिले की गंज धरून चौकटीत बसते ना, तसे. दार फुटलेले नसते, पाणीही मागे असते, पण चारीला पाणी येत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ‘हाड वाढले’ हे शब्द ऐकले की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. हा कर्करोग नव्हे. हे हाड अंगात दुसरीकडे पसरत नाही आणि याने जीव जात नाही. काही जणांत त्याचा डाग खिडकीपासून दूर असतो, आणि अशा माणसाला त्याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही. फार जणांत तो तिथेच थांबतो. थोड्या जणांत मात्र तो शंखाकडे सरकतो आणि नसेच्या बाजूनेही ऐकू येणे कमी होते. म्हणून तपासणी टाळू नये.

ओळखायचे कसे

सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते. आधी एका कानात, आणि पुढे बहुतेकांना दोन्ही कानांत. सगळे इतके सावकाश चालते की माणसाला स्वतःला कळायच्या आधी घरच्यांना कळते. “काऊन बे, तीनदा हाक मारली, कान फुटले का?” असे बाप म्हणतो, आणि पोराला वाटते बाप आजकाल हळू बोलतो.

या रोगाच्या काही खुणा मोठ्या मजेशीर आहेत आणि त्या ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली खूण अशी की या माणसाला गोंगाटात जास्त चांगले ऐकू येते! घरात ओसरीवर बसून बोललेले कळत नाही, पण मिल हाऊसच्या धडधडाटात किंवा ट्रॅक्टर चालू असताना साथीदाराचे बोलणे नीट कळते. असे कसे होते? गोंगाटात समोरचा माणूस आपोआप आवाज चढवून बोलतो. बाकीच्यांच्या कानावर मशीनचा आवाज आदळत असतो, याच्या कानात तो अर्धवटच पोहोचतो, म्हणून याला चढवलेले बोलणे तेवढे ऐकू येते. लोक मात्र उलटा अर्थ लावतात. “मिलवर बरोबर ऐकू येते, घरी कामाचं सांगितलं की बहिरा होतो,” असे म्हणून पोराला ढोंगी ठरवतात. बिचारा ढोंगी नसतो. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने ढोल वाजत असतानाच नवऱ्याचे बोलणे ऐकू येणाऱ्या एका बाईची हकीकत सतराव्या शतकातच लिहून ठेवली आहे.

दुसरी खूण म्हणजे हा माणूस हळू बोलतो. नसेच्या दोषाने बहिरा झालेला माणूस मोठ्याने बोलतो, कारण त्याला स्वतःचाही आवाज नीट ऐकू येत नाही. याचे तसे नाही. याची नस शाबूत असते आणि स्वतःचा आवाज डोक्याच्या हाडातून आत जाऊन मोठा वाटतो, म्हणून तो आवाज आवरून बोलतो. जेवताना पापड किंवा फुटाणे चावू लागला की चावण्याच्या आवाजातच समोरच्याचे बोलणे बुडून जाते. तिसरी खूण कानात सतत शिट्टी, घूं किंवा रातकिड्यासारखा आवाज. काहींना अधूनमधून थोडी भोवळही येते.

घरच्या घरी एक गोष्ट करून पाहता येईल. तोंड मिटून ‘हूंऽऽ’ असा आवाज काढा आणि तो कोणत्या कानात जास्त वाटतो ते बघा. कमी ऐकू येणाऱ्या कानातच तो जास्त वाटला, तर दोष बहुधा बाहेरच्या वाटेत म्हणजे मळ, पडदा किंवा हाडांची साखळी यांत आहे. चांगल्या कानात वाटला तर नसेचा संशय घ्यावा. दोन्ही कान सारखेच बिघडले असतील तर या युक्तीचा उपयोग नाही. ही फक्त अंदाजाची गोष्ट आहे, निकालाची नव्हे. आणि एक महत्त्वाचे : ज्याला रात्री झोपताना ऐकू येत होते आणि सकाळी एका कानाने अजिबात येत नाही, त्याने अशा युक्त्यांत वेळ घालवू नये. अचानक आलेला बहिरेपणा वेगळा असतो आणि त्याचे औषध पहिल्या काही दिवसांतच लागू पडते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कानाचे डॉक्टर हेच काम नादकाट्याने करतात. निरोगी माणसाला काटा कानासमोर धरला असता जास्त ऐकू येतो, कानामागच्या हाडावर टेकवला असता कमी. रिकीब अडकलेल्याला हाडावर जास्त ऐकू येतो. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. त्यानंतर बंद खोलीत मशीनवर आलेख काढतात. त्यात हवेतून ऐकण्याची रेघ खाली गेलेली आणि हाडातून ऐकण्याची रेघ बहुतांशी वर राहिलेली दिसते. हाडाच्या रेघेत २००० हर्ट्झच्या जवळ एक छोटा खड्डा पडतो. रेमंड कारहार्ट या अमेरिकन संशोधकाच्या नावाने तो ओळखला जातो. मिलच्या आवाजाने नस खराब झालेल्याचा खड्डा बहुधा ४००० हर्ट्झच्या जवळ असतो, आणि तिथे दोन्ही रेघा बरोबरच खाली जातात. म्हणून आपल्या कारखान्यात काम करणाऱ्याला कमी ऐकू येऊ लागले की ‘मशीनमुळे झाले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. आलेख काढला की दोन्हीतला फरक कागदावर दिसतो, आणि दोघांचे उपाय अगदी वेगळे आहेत.

प्रत्येक तरुणाचा बहिरेपणा म्हणजे हाच रोग, असे मात्र समजू नये. आपल्या भागात कान वाहण्यामुळे येणारा बहिरेपणा कितीतरी जास्त आढळतो. कान वाहत असेल, पाण्याला घाण वास येत असेल, तर तो रोग हाडे वाढवणारा नसून हाडे खाणारा असू शकतो आणि तो धोक्याचा आहे. मेंदूपर्यंत पू गेल्याची उदाहरणे वैद्यकात भरपूर आहेत. तिथे उशीर नको.

कानाच्या नळीतही हाड वाढू शकते. एका कानात, एकच, देठावर लोंबणाऱ्या बोरासारखी गाठ असेल तर ती ऑस्टिओमा. दोन्ही कानांत रुंद बुडाचे दोन-तीन उंचवटे असतील तर ती बहुधा थंड पाण्यात वर्षानुवर्षे पोहणाऱ्यांना होणारी वाढ. समुद्रावर लाटांचे खेळ खेळणाऱ्यांत ती फार दिसते, आपल्या नागपुरी उन्हाळ्यात तिचे नाव क्वचितच निघेल. या दोन्ही गाठी साध्या असतात. नळी पूर्ण बुजेपर्यंत ऐकू येण्यात फरक पडत नाही, पण मागे मळ आणि पाणी अडकले की कान बंद होतो. त्रास नसेल तर गाठीला हात लावायची गरज नाही. कोवळ्या वयात एका बाजूचे कानशील फुगत चालले आणि नळी अरुंद होत गेली तर हाडाच्या जागी तंतू भरण्याचा आणखी एक सौम्य विकार असतो. त्यात नळीच्या मागे कातडी कोंडून हाड खाण्याचा रोग सुरू होऊ शकतो, म्हणून अशा मुलाला दरवर्षी दाखवत राहावे. आणि ज्या पोराची हाडे थोड्या धक्क्याने मोडतात, डोळ्याचा पांढरा भाग निळसर दिसतो, त्याला कमी ऐकू येऊ लागले तर या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात. त्या एकाच रोगाच्या असतात.

रोग कशामुळे होतो

रक्तातून येतो, हे बऱ्याच अंशी खरे. आईला किंवा बापाला असेल तर मुलाकडे तो गुण जाण्याची शक्यता निम्मी, पण गुण आला म्हणजे बहिरेपणा येईलच असे नाही. निम्म्याहून अधिक जणांत तो दबलेलाच राहतो. म्हणूनच आजोबाला होता, बापाला नव्हता, नातवाला आला, असे घडते. पुष्कळ रुग्णांच्या घरी दुसरे कोणीच नसते. गोवराच्या विषाणूचा काही संबंध असावा असे काही अभ्यासांत दिसले आहे, पण ते अजून पक्के झालेले नाही.

इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. युरोप-अमेरिकेत या रोगाचे दोन-तृतीयांश रुग्ण स्त्रिया असतात. आपल्याकडच्या दवाखान्यांत पुरुषांचीही संख्या बरीच दिसते. माझ्या मते त्याचे एक कारण रोगात नसून आपल्यात आहे. बाईला कमी ऐकू येते हे घरातल्या घरात दाबले जाते. मुलगी असेल तर सोयरीक मोडेल म्हणून, आणि सून असेल तर ‘माहेरूनच असं आणलं’ हा शब्द नको म्हणून. बाळंतपणानंतर कान बसले की तो दोष बाळंतपणावर जातो. पूर्वी डॉक्टरही असे मानत की गरोदरपणात हा रोग झपाट्याने वाढतो. नंतरच्या अभ्यासांत मुले झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. म्हणून या कारणासाठी मूल होऊ देऊ नका असे सांगणे बरोबर नाही. भगताकडे नेणे, उतारे टाकणे, कानात गरम तेल, लसणाचा रस, कांद्याचा रस घालणे यांनी पडद्यामागच्या हाडाला काहीएक होत नाही. पडदा मात्र भाजू शकतो. काडीने कान कोरणाऱ्यांबद्दल तर न बोललेले बरे.

पाण्यातल्या फ्लोराइडबद्दलही थोडे सांगायला हवे. १९६० च्या दशकात अमेरिकेत शॅम्बो या डॉक्टरांनी या रोगात सोडियम फ्लोराइडच्या गोळ्या देण्यास सुरुवात केली. हाडाची उलथापालथ त्याने मंदावते अशी कल्पना होती, आणि काही डॉक्टर आजही निवडक रुग्णांना ते देतात. हे ऐकून कोणी असे समजू नये की बोअरचे फ्लोराइडवाले पाणी कानाला चांगले. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत त्या पाण्याने दात पिवळे-तपकिरी झालेली आणि गुडघे वाकलेली माणसे आपण पाहिलेली आहेत.

उपाय

अडकलेली रिकीब मोकळी करणारे औषध नाही. कोणी पुडी देऊन मोकळी करतो म्हणत असेल तर पैसे खिशातच ठेवावे. खरे मार्ग तीन. थोडेच कमी ऐकू येत असेल तर दरवर्षी आलेख काढून लक्ष ठेवणे, श्रवणयंत्र लावणे, किंवा शस्त्रक्रिया करणे.

श्रवणयंत्राला आपल्याकडे विनाकारण कमीपणा मानतात. चाळिशीचा चष्मा लावायला कोणी लाजत नाही. या रोगात नस चांगली असल्यामुळे यंत्राचा उपयोग इतर बहिरेपणापेक्षा जास्त होतो. आवाज नुसता मोठा झाला की पुरे, शब्द स्वच्छ कळतात. ज्याला शस्त्रक्रियेची भीती वाटते, किंवा ज्याचा एकच कान चालू आहे, त्याने यंत्रच घ्यावे. चालू असलेल्या एकमेव कानावर ही शस्त्रक्रिया करू नये, हा जुना आणि शहाणपणाचा नियम आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहास वाचण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केसेल नावाच्या जर्मन डॉक्टरने रिकीब हलवण्याचे आणि काढण्याचे प्रयोग केले. पण त्या काळी ना सूक्ष्मदर्शक होता, ना जंतू मारणारी औषधे. शतक संपताना त्या काळच्या नामांकित कर्णतज्ज्ञांनीच या शस्त्रक्रियेला धोकादायक ठरवले आणि ती मागे पडली. १९३८ मध्ये लेम्पर्ट यांनी खिडकी सोडून दुसरीकडे नवे भोक पाडण्याची रीत रूढ केली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे सॅम्युएल रोझेन एका रुग्णाची रिकीब किती घट्ट आहे हे चाचपून पाहत असताना ती सुटली आणि टेबलावरच रुग्णाला ऐकू येऊ लागले! पण अशी हलवलेली रिकीब पुष्कळदा पुन्हा अडके. अखेर १९५६ मध्ये मेम्फिस गावच्या जॉन शी यांनी अडकलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आजची शस्त्रक्रिया त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती आहे.

आता बहुधा पूर्ण रिकीब काढत नाहीत. कानाच्या नळीतून पडदा थोडा उचलतात, रिकिबीची वरची कमान काढतात, तळाला अर्ध्या मिलिमीटरहून जरासे मोठे भोक पाडतात आणि त्यात टेफ्लॉनचा किंवा धातूचा बारीक दट्ट्या बसवून त्याचा आकडा ऐरणीच्या दांड्याला अडकवतात. इंजिनातल्या दट्ट्यासारखाच, फक्त आकार तांदळाच्या कणीएवढा. पुष्कळ ठिकाणी हे कान बधिर करून, रुग्ण जागा असतानाच करतात. हात बसलेल्या डॉक्टरच्या हातून दहांपैकी नऊ जणांना चांगला फायदा होतो. पण शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा बहिराही होऊ शकतो. हे कोणी लपवत असेल तर त्या डॉक्टरला दोन प्रश्न जास्त विचारावेत. काही दिवस चक्कर येते, आणि जिभेच्या त्या बाजूला काही आठवडे चव वेगळी लागते, कारण चवीची नस त्याच खोलीतून जाते. दोन्ही कान बिघडले असले तरी एका वेळी एकच कान, आणि तोही जास्त खराब असलेला आधी करतात.

नंतरची पथ्ये कास्तकाराच्या घरात पाळणे कठीण जाते, म्हणून आधीच ठरवावे. साधारण महिना-दीड महिना उसाची मोळी, खताचे पोते, पाण्याचे भरलेले ड्रम असे काहीही वजन उचलायचे नाही. नाक जोरात शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची. डोक्यावरून आंघोळ करताना कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, विहिरीत-तलावात उडी तर मुळीच नाही. चक्कर थांबेपर्यंत ट्रॅक्टर आणि मोटारसायकल बंद. ऊसतोडीची पाळी, खोडव्याची बांधणी, मुलीचे लग्न हे सगळे बघून तारीख घ्यावी. रोग सावकाश चालणारा आहे, महिनाभर थांबल्याने नुकसान होत नाही. दहा वर्षे थांबल्याने मात्र होऊ शकते.

कुठे जावे? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन नागपूरला मेडिकलमध्ये किंवा मेयोमध्ये कान-नाक-घसा विभागात दाखवता येते. मिहानमधले एम्स आहे, आणि वर्ध्याकडच्या सभासदांना सेवाग्राम व सावंगी जवळ पडतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया त्या दवाखान्यात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे आणि रेशनकार्ड बरोबर न्यावे. अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल नेहमी विचारणा होते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांची बोलण्याच्या स्वरांतली तूट ६० ते ७० डेसिबल असेल तर ‘ऐकू कमी येणारा’ आणि ७० वर असेल तर ‘बहिरा’ धरतात. नुसती रिकीब अडकल्याने होणारी तूट साधारण ६० च्या आसपास थांबते, म्हणून या रोगात दाखला मिळेलच असे नाही. सरकारी दवाखान्यात श्रवणयंत्राच्या योजनेची चौकशी मात्र जरूर करावी.

दवाखान्यात जाताना जुने आलेख असतील तर सोबत न्यावेत, आणि घरात आणखी कोणाला तरुणपणी ऐकू कमी येत होते का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून जावे. शस्त्रक्रिया झाली असेल तर सुटीचा कागद जपून ठेवावा. त्यावर दट्ट्या कशाचा आहे ते लिहिलेले असते, आणि पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर तिथला माणूस पहिल्यांदा तेच विचारतो.